माशाची मुंडकी, काटे, खवले आणि कोळंबीची सालं: घरच्या घरी पौष्टिक खाणं कसं करायचं

बाजारात रावस नाहीतर घोळ घेतली, मावशीने कापून दिली, तुकड्या आपल्या पिशवीत आल्या आणि मुंडकं, मधला काटा, शेपटी, कातडीचे तुकडे सगळं तिच्या पायाजवळच्या टोपलीत गेलं, हे आपल्याकडे रोज होतं. माशाचं काटे-कातडी काढलेलं निव्वळ मांस म्हणजे फिलेट काढलं तर जवळपास निम्मा मासा बाजूला पडतो, कधीकधी निम्म्याहून जास्त. कोळंबी सोलली की किलोमागे चारशे-साडेचारशे ग्रॅम डोकी आणि सालं निघतात. आता हे घरापुरतं झालं, रत्नागिरीत राणी माशापासून सुरिमी म्हणजे धुऊन वाटलेल्या माशाच्या मांसाचा गोळा बनवणारे कारखाने आहेत तिथे काय प्रमाणात काटे आणि मुंडकी निघत असतील याचा अंदाज करा. त्यातलं बरंचसं फिशमील म्हणजे माशाचा वाळलेला भुगा होऊन कोंबड्यांच्या आणि कोळंबीच्या खाद्यात जातं. म्हणजे अगदी वाया जातं असं नाही, पण त्यात माणसाने खावं असं खूप काही असतं आणि मला वाईट याचं वाटतं की ज्या कोकणात घरोघरी मासे खाल्ले जातात तिथेच बायकांना कॅल्शियमच्या गोळ्या लिहून दिल्या जातात.

बाहेर लोक काय करतात बघा. आइसलँडमध्ये कॉड माशाची मुंडकी जमिनीखालच्या गरम पाण्याच्या उष्णतेवर वाळवतात आणि ती थेट नायजेरियाला जातात, तिकडे त्याचं सूप करून खातात. त्याच कॉडच्या कातडीपासून जखमेवर लावायच्या पट्ट्या बनतात. जपानने १९९१ सालीच आरोग्याला उपयोगी पडणाऱ्या खाण्यासाठी वेगळी सरकारी मान्यता सुरू केली आणि रक्तदाबासाठी माशाच्या प्रथिनांचे बारीक तुकडे म्हणजे पेप्टाइड घातलेले पदार्थ तिथे त्या मान्यतेने विकले जातात. आणि आपण? आपल्या आज्या मुंडक्यांचं कालवण करायच्या, कोळंबीची डोकी पाट्यावर वाटून गाळून तो रस कालवणात घालायच्या, गाबोळी तळायच्या. फंक्शनल फूड म्हणजे आरोग्याला उपयोगी पडणारं खाणं, हा शब्द त्यांना माहीत नव्हता पण पद्धत तीच होती. आता मासा साफ करून, काटे काढून डब्यात घरपोच येतो त्यामुळे ते सगळं स्वयंपाकघरातून निघून गेलं.

तर आज घरी किंवा बचत गटात करता येईल असं चार गोष्टींचं सांगते. काट्याला चिकटलेलं मांस, काट्याची कॅल्शियम पावडर, खवल्याची जेली, आणि कोळंबीच्या सालांचं तेल आणि स्टॉक म्हणजे उकळून गाळलेलं चवदार पाणी. पण त्याआधी एक गोष्ट नीट वाचा कारण बाकी सगळं त्याच्यावर उभं आहे.

मासा कापल्यानंतरचा पहिला तास. आपण तुकड्या लगेच घरी आणून फ्रीजमध्ये टाकतो आणि मुंडकी-काटे उन्हात पडून राहतात, माश्या बसतात, आणि मग आपण म्हणतो की ते घाण आहे. त्याला तसं आपणच केलेलं असतं. काट्याला मांस लागलेलं असतं, रक्त लागलेलं असतं, मुंडक्यात कल्ले असतात, त्यामुळे हा भाग तुकड्यांपेक्षा लवकर खराब होतो, म्हणजे त्याला बर्फाची गरज तुकड्यांपेक्षा जास्त आहे. बांगडा, तारली, सुरमई, कुपा या माशांत तर अजून एक भानगड असते. यांच्या मांसात हिस्टिडीन नावाचं अमिनो आम्ल भरपूर असतं, मासा गरम जागी राहिला की जिवाणू त्याचं हिस्टामीन करतात, आणि एकदा हिस्टामीन झालं की उकळा, तळा, कुकरला लावा, ते जात नाही. खाल्ल्यावर तोंड लाल होतं, डोकं दुखतं, अंगावर गांधी उठतात आणि लोकांना वाटतं माशाची ॲलर्जी झाली. वासावरून ते दर वेळी कळत नाही. म्हणून शिळ्या बांगड्याच्या काट्याची पावडर करू हा विचार पूर्ण सोडून द्या. ताजं असेल तरच करा.

बाजारात जाताना दोन पिशव्या आणि एका डब्यात बर्फ न्या. मावशीला कापायच्या आधीच सांगायचं, "मावशी, मुंडकं आणि मधला काटा वेगळा द्या, कल्ले काढून टाका." ती हमखास विचारणार, "ताई, मांजराला काय?" तर सांगा की नाही, घरी खायला पाहिजे. दोन-तीन वेळा मागितलं की ती स्वतःच बाजूला ठेवायला लागते, बरेचदा मोठ्या घोळीचा किंवा रावसाचा काटा फुकट नाहीतर दहा-वीस रुपयांत मिळतो. घरी आल्यावर थंड पाण्याने धुवायचं, मणक्याला आतल्या बाजूने जी काळपट लाल रक्ताची रेघ चिकटलेली असते ती जुन्या टूथब्रशने घासून काढायची. ही रेघ राहिली की स्टॉक कडवट होतो आणि पावडरीला वास येतो, सगळ्यात जास्त फरक या एका कामाने पडतो. लगेच करायचं नसेल तर डीप फ्रीजरमध्ये, पण तेलकट माशाचे काटे फ्रीजरमध्येही फार दिवस ठेवू नका, त्यातलं तेल खवट होतं.

काय घ्यायचं नाही तेही इथेच सांगते. आतडी, पोटातली घाण, कल्ले, म्हाकुलाचं पोट, हे खायला नको. म्हाकुलाच्या यकृतात कॅडमियम हा विषारी जड धातू साठतो. मोरीचं किंवा मोठ्या माशाचं यकृत पौष्टिक म्हणून रोज खाणं हाही वेडेपणा आहे, त्यात जीवनसत्त्व अ इतकं असू शकतं की जास्त झालं तर अपाय होतो, गरोदर बाईने तर ते टाळलेलंच बरं. आणि गोड्या पाण्यातला मासा खाणाऱ्यांनी, विदर्भात, सोलापूरकडे, हे मुद्दाम लक्षात ठेवा, रोहू किंवा कटल्याचं पित्त कधीही खाऊ नका. डायबेटिसवर, सांधेदुखीवर औषध म्हणून कच्चं पित्त गिळणारे लोक आहेत आणि त्याने मूत्रपिंड निकामी होऊन माणसं डायलिसिसवर गेलेली आहेत. मासा साफ करताना पित्ताची पिशवी फुटली तर तो भाग सरळ कापून फेका.

आता पहिलं आणि सगळ्यात सोपं काम, काट्यावरचं मांस. मधल्या काट्याला, मुंडक्याच्या गालात, मानेशी जे मांस राहतं ते कच्चं खरवडायला गेलात तर अर्धं वाया जातं, त्यापेक्षा काटे मोदकपात्रात किंवा चाळणीवर पाच-सहा मिनिटं वाफवा, मीठ-हळद लावून. कोमट झाले की चमच्याच्या पाठीने मानेकडून शेपटीकडे खरवडलं की मांस पाकळ्यांसारखं सुटून येतं. मग ते ताटात पसरून बोटांनी चाचपून बारीक काटे काढा, हे काम घाईत करू नका, विशेषतः लहान मुलांना किंवा म्हाताऱ्या माणसांना द्यायचं असेल तर दोनदा चाचपा. हे पूर्ण प्रतीचं प्रथिन आहे, तुकडीत जे असतं तेच. याचे कटलेट होतात, पोह्यात घालता येतं, थालीपिठाच्या भाजणीत मळता येतं. मला भाजणीत घातलेलं जास्त आवडतं कारण कटलेटला तेल फार लागतं. दोन वाट्या भाजणीला एक वाटी मांस, कांदा, कोथिंबीर, थोडं आलं, आणि पाणी नेहमीपेक्षा कमी. वाफवताना खाली जे पाणी जमतं ते फेकू नका, त्यातच पीठ मळा.

आता काट्याची पावडर. इथे जरा सविस्तर लिहिते कारण लोकांचा सगळ्यात मोठा गैरसमज इथे आहे. सगळीकडे बोन ब्रॉथ, बोन ब्रॉथ चालू असतं आणि त्यात कॅल्शियम भरपूर असं सांगतात. हाडं किंवा काटे पाण्यात उकळून गाळून घेतलेल्या पाण्यात कॅल्शियम अगदी थोडं उतरतं. काट्यातलं कॅल्शियम फॉस्फेटच्या रूपात घट्ट बसलेलं असतं, ते पाण्यात सहज विरघळत नाही. कोकम किंवा व्हिनेगर टाकलं तर थोडं जास्त उतरतं, पण तेवढ्याने दिवसाची गरज भागत नाही. कॅल्शियम हवं असेल तर काटा खावा लागतो. जवळा, मांदेली, मोदकं, छोटी तारली आपण काट्यासकट खातो ते म्हणूनच चांगलं. मोठ्या माशाचा काटा तसा चावता येत नाही म्हणून त्याची पावडर.

आणि याला मशीन लागत नाही, घरातला कुकर पुरतो. डबाबंद तारलीतले काटे मऊ का असतात, तर कारखान्यात तो डबा १२१ अंशांच्या आसपास तापवतात. आपला घरचा प्रेशर कुकर शिट्टीच्या प्रेशरला असतो तेव्हा आतलं तापमान जवळपास तेवढंच असतं. म्हणजे जे काम तिथे होतं ते तुमच्या ओट्यावर होऊ शकतं, फक्त वेळ द्यायला पाहिजे.

काटे शक्यतो कमी तेलाच्या माशाचे घ्या. घोळ, ढोमा, राणी, पापलेट, हलवा चालतील. बांगडा-तारलीचे काटे त्यातल्या तेलामुळे लवकर खवट होतात, त्यांची पावडर करण्यापेक्षा ते तसेच कुकरमध्ये मऊ करून चटणीत वाटून लगेच संपवा. साधारण किलोभर काटे वरच्यासारखे वाफवून, मांस काढून, मग पाण्यात दहा मिनिटं खळखळ उकळा आणि ते पाणी स्टॉकसाठी वेगळं काढा. काटे गरम पाण्यात ब्रशने घासा, पांढरे झाले पाहिजेत. घोळीचे मोठे मणके असतील तर बत्त्याने ठेचून तुकडे करा. मग पाच लिटरच्या कुकरमध्ये सव्वा लिटर पाणी घालून, कुकर दोन तृतीयांशापेक्षा जास्त न भरता, पहिल्या शिट्टीनंतर गॅस बारीक करून मध्यम काट्याला तासभर, जाड मणक्याला दीड तास. मध्ये एकदा गॅस बंद करून, प्रेशर पूर्ण उतरल्यावरच झाकण उघडून पाणी बघा, कमी झालं असेल तर गरम पाणी घाला. या पाण्यात कोकम, लिंबू, चिंच काही टाकू नका, आंबटाने कॅल्शियम पाण्यात जातं आणि आपल्याला ते काट्यात ठेवायचंय.

झालं का ते कसं ओळखायचं, तर एक मणका अंगठा आणि तर्जनीत धरून दाबा. खडूसारखा भुगा झाला पाहिजे. टोकदार कपची बोटाला टोचली तर अजून वीस मिनिटं लावा, इथे दया करू नका, कारण जी कपची बोटाला टोचते ती घशालाही टोचते.

मग पाणी काढून (हे पाणी थंड झाल्यावर थरथरीत जेली होते, तीही ठेवा), काटे परत एकदा गरम पाण्यात उकळून ते पाणी मात्र फेकून द्या म्हणजे उरलेलं तेल निघून जाईल. वाळवायला नोव्हेंबर ते फेब्रुवारीचं ऊन उत्तम, जाळीच्या ट्रेवर पसरून वरून मलमलचं कापड, दोन दिवस, रात्री घरात घ्यायचं. पावसाळ्यात करायचं असेल तर ओव्हन ८० ते १०० अंशांवर दोन-तीन तास, दार किंचित उघडं ठेवून. उन्हात अर्धवट वाळलेलं पावसाळी हवेत ठेवलं की बुरशी धरतं म्हणून ते करूच नका. पूर्ण वाळला की काटा टक्कन मोडतो. थंड करून मिक्सरला फिरवा, पिठाच्या चाळणीने चाळा आणि मग वस्त्रगाळ करा. कापडावर जे राहतं ते परत मिक्सरला, तरी राहिलं तर ते तुळशीच्या कुंडीत टाका. जिभेवर कचकच लागली म्हणजे नीट चाळलं गेलं नाही.

या पावडरीत किती कॅल्शियम? माशाप्रमाणे आणि तुम्ही मांस-तेल किती काढलंय त्याप्रमाणे शंभर ग्रॅममध्ये साधारण १५ ते २५ ग्रॅम धरा. म्हणजे एक ग्रॅम पावडरीत दीडशे ते अडीचशे मिलिग्रॅम. आपल्याकडे मोठ्या माणसाला दिवसाला १००० मिलिग्रॅम आणि पाळी गेलेल्या बायकांना १२०० मिलिग्रॅम कॅल्शियम लागतं असं राष्ट्रीय पोषण संस्थेच्या शिफारशीत आहे. वाटीभर दुधात दोनशे-अडीचशे मिलिग्रॅम येतं. म्हणजे अर्धा चमचा पावडर साधारण वाटीभर दुधाच्या जागी धरायला हरकत नाही. ज्यांना दूध पचत नाही त्यांना हा मोठाच आधार आहे.

वापरायची कशी तर पाण्यात ढवळून पिऊ नका, ती तळाला बसते आणि चवही बरी लागत नाही. तांदळाच्या भाकरीच्या पिठात मिसळा. नाचणीत मुळातच कॅल्शियम चांगलं असतं, तांदळाच्या पिठात जवळपास नसतंच, म्हणून कोकणात जिथे तांदळाची भाकरी रोजची आहे तिथे याचा उपयोग जास्त. एक किलो पिठाला २० ग्रॅम, म्हणजे पन्नास ग्रॅम पिठाच्या भाकरीत एक ग्रॅम पावडर, एवढ्याने चवीत काही फरक कळत नाही, भाकरी थापतानाही फाटत नाही. यापेक्षा जास्त घातलं तर पीठ भुसभुशीत होतं. दुसरा माझा आवडता प्रकार चटणी: सुकट भाजून, सुकं खोबरं, लसूण, लाल मिरची, दोन-तीन कोकमं, मीठ आणि वाटीभर चटणीला दोन चमचे पावडर. सुकटीचा वास पावडरीच्या वासाला झाकतो आणि घरात कुणाला पत्ताही लागत नाही. मात्र ही सुकी चटणी दोन आठवड्यांत संपवा आणि पावडर स्वतः काचेच्या बरणीत फ्रीजमध्ये ठेवा, महिन्याभरात संपेल एवढीच करा. झाकण उघडल्यावर जुन्या तेलासारखा वास आला की टाकून द्या.

कुणी घेऊ नये: मूत्रपिंडाचा आजार असलेल्यांनी अजिबात नाही, कारण यात फॉस्फरसही भरपूर आहे आणि तो त्यांना त्रासाचा. मुतखडा होणाऱ्यांनी डॉक्टरांना विचारून. थायरॉइडची गोळी घेणाऱ्यांनी गोळी आणि ही भाकरी यात चार तासांचं अंतर ठेवा, लोहाच्या गोळीबरोबरही घेऊ नका, कॅल्शियम दोन्हींना शरीरात शिरू देत नाही. आणि आधीच डॉक्टरने कॅल्शियमची गोळी दिली असेल तर वरून ही पावडर घालत बसू नका.

आता खवले. खवले म्हणजे निव्वळ कचरा असं सगळ्यांना वाटतं, पण त्यात कोलॅजन नावाचं प्रथिन असतं, आणि कोलॅजन गरम पाण्यात विरघळून जिलेटिन होतं. यासाठी रोहू-कटल्याचे मोठे खवले सगळ्यात सोयीचे, पुण्यात, नागपुरात, भंडाऱ्याकडे कुठल्याही बाजारात मिळतील, विक्रेता आनंदाने पिशवीभर देतो. पाव किलो खवले मीठ चोळून चार-पाच पाण्यांत धुवा, लिंबू पिळलेल्या पाण्यात पंधरा मिनिटं ठेवा, परत धुवा. मग एक लिटर पाण्यात आल्याचा तुकडा आणि दोन-चार मिरे घालून अगदी मंद गॅसवर दीड-दोन तास. खळखळ उकळू देऊ नका, नुसतं थरथरलं पाहिजे, जास्त उकळलं की जिलेटिन तुटतं आणि जेली धड लागत नाही. वर फेस येईल तो काढत राहा. मलमलमधून गाळून फ्रीजमध्ये ठेवा, चार-पाच तासांत मऊ जेली लागते. लागली नाही तर पाणी जास्त झालं, परत आटवा. माशाची जेली जनावराच्या जिलेटिनपेक्षा लवकर विरघळते त्यामुळे उन्हाळ्यात टेबलावर ठेवली तर पाणी होणार, त्यात काही बिघडलेलं नसतं.

खायची कशी? मी सारात घालते. कोकमाचं आगळ, हिंग, जिरं, हिरवी मिरची, थोडा गूळ आणि पाण्याच्या जागी ही जेली, सार छान दाटसर होतं. मटार-गाजराच्या सूपमध्येही चालते. फ्रीजमध्ये तीन दिवस, त्यापुढे बर्फाच्या ट्रेमध्ये गोठवून ठेवा आणि लागेल तशी एकेक वडी काढा.

कोलॅजनबद्दल एक स्पष्ट सांगते, कारण हजारो रुपयांचे डबे विकले जातात आणि बायका घरखर्चातून ते घेतात. खाल्लेलं कोलॅजन जसंच्या तसं गुडघ्यात किंवा गालावर जाऊन बसत नाही, पोटात त्याचे अमिनो आम्लं आणि छोटे पेप्टाइड होतात. सांधेदुखी आणि त्वचेवर फायदा दिसलेले काही अभ्यास आहेत पण ते रोज अडीच ते दहा ग्रॅम शुद्ध पेप्टाइडवर केलेले आहेत, आपल्या जेलीत किती आहे ते दर खेपेला वेगळं. शिवाय जिलेटिनमध्ये ट्रिप्टोफॅन हे जरुरीचं अमिनो आम्ल नसतं, म्हणून डाळ, अंडं, मासा यांच्या जागी जेली चालत नाही, त्यांच्या जोडीला चालते. शरीराला स्वतःचं कोलॅजन बनवायला क जीवनसत्त्व लागतं, तेव्हा जेवताना लिंबाची फोड किंवा आवळ्याचं लोणचं घ्या. एवढं समजून खाल्लं तर चांगलंच आहे, पोटाला हलकं, आजारी माणसाला घोटभर उतरतं.

कोळंबी. डोकी सगळ्यात आधी बिघडतात कारण तिचं यकृत डोक्यात असतं आणि त्यातले पाचक रस मेल्यावर तिलाच पचवायला लागतात, काळी पडते तीही आधी डोक्याकडूनच. म्हणून सोलल्या सोलल्या बर्फावर, आणि त्याच दिवशी वापर. दोन भाग करा, डोकी वेगळी आणि सालं वेगळी. डोक्यातला पिवळा-केशरी गर चवीला अप्रतिम असतो पण कॅडमियमही तिथेच साठतं, त्यामुळे त्याचा रस महिन्यातून एक-दोनदा कालवणात घाला, रोजचं नको. सालांना मात्र ही भीती कमी आहे. सालं धुऊन कोरडी करा, कढईत बिनतेलाची परता, लालसर झाली की खोबरेल किंवा शेंगदाण्याचं तेल घाला, पाव किलो सालांना एक वाटी, आणि बारीक गॅसवर पंधरा-वीस मिनिटं. तेल केशरी होतं. तो रंग अस्टाझॅन्थिनचा, कोळंबी शिजल्यावर लाल दिसते तोच, तो तेलात विरघळतो पाण्यात नाही, म्हणून नुसत्या पाण्यात उकळून तो मिळत नाही. हे चांगलं अँटिऑक्सिडंट आहे. तेल गाळून फ्रीजमध्ये, आठवड्याभरात संपवा, वरून भातावर किंवा उकडलेल्या बटाट्यावर चमचाभर. त्यात लसूण टाकून बाहेर ओट्यावर ठेवू नका, ओला लसूण तेलात बुडवून गरम जागी ठेवणं बोटुलिझम म्हणजे जीवघेण्या विषबाधेच्या दृष्टीने धोक्याचं आहे. गाळून उरलेल्या सालांत पाणी घालून वीस मिनिटं उकळा, त्याचा स्टॉक होतो, सोड्यांच्या खिचडीला हा घातला तर दुसरं काही लागत नाही. घरात कुणाला कोळंबीची ॲलर्जी असेल तर सालं, तेल, स्टॉक काहीच नाही, ती ॲलर्जी ज्या प्रथिनाची असते ते उकळूनही तसंच राहतं.

सालांत कायटिन नावाचा कडक तंतू असतो, तो आपल्याला पचत नाही. त्याचं कायटोसान केलं की ते कोलेस्टेरॉलवर काम करतं, युरोपात दिवसाला ३ ग्रॅम कायटोसानसाठी तसा दावा छापायला परवानगी आहे. पण ते करायला तीव्र कॉस्टिक सोड्यात तापवावं लागतं, डोळे जातील, घरी करू नका. माशाच्या तेलातून शुद्ध ओमेगा-३ काढणं, पेप्टाइड बनवणं हीही कारखान्याची कामं. ओमेगा-३ साठी सरळ ताजी तारली आणि बांगडा मुंडक्यासकट कालवणात खा, डोळ्यामागची चरबी चोखून खायची आपली पद्धत अगदी बरोबर आहे.

बचत गटाने विकायचं ठरवलं तर घरच्या सवयी पुरणार नाहीत. एफएसएसएआय म्हणजे सरकारी अन्न सुरक्षा प्राधिकरणाची नोंदणी तर लागतेच, पण त्याआधी प्रत्येक पदार्थाची तपासणी करून घ्या, पावडरीत कॅल्शियम किती, ओलावा किती, जड धातू किती, जिवाणू किती. केंद्रीय मत्स्य तंत्रज्ञान संस्था म्हणजे सिफ्ट, मुख्यालय कोचीला, पण तिचं केंद्र नवी मुंबईत वाशीला आहे, आणि रत्नागिरीत शिरगावला मत्स्य महाविद्यालय आहे, या दोन ठिकाणी जाऊन विचारा, माशाच्या टिकाऊ पदार्थांवर यांचं कामच आहे. लेबलवर मासा किंवा कोळंबी असल्याचं ॲलर्जीच्या सूचनेत लिहावं लागतं, मांसाहाराचं चिन्ह आता चौकोनातला तपकिरी त्रिकोण आहे, जुना गोल छापू नका. "गुडघेदुखी बरी होते", "हाडांचा ठिसूळपणा जातो" असं काही छापायचं नाही, रोग बरा होतो असा दावा अन्नपदार्थावर करायला कायद्याने बंदी आहे आणि ते खरंही नाही. "माशाच्या काट्याची पावडर घातलेलं भाकरीचं पीठ, शंभर ग्रॅममध्ये कॅल्शियम इतकं" एवढं तपासणीच्या आकड्यासकट लिहिलं तरी समजणारा माणूस घेतो. सुरुवात पावडरीपेक्षा सुक्या चटणीने करा, लोकांना ती ओळखीची आहे, आणि १०० ग्रॅमच्या पाकिटातच द्या म्हणजे उघडल्यावर लवकर संपते. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक बोटींची समुद्रातली मासेमारी बंद असते, ताजा कच्चा माल तेव्हा फारसा मिळणार नाही, तर वर्षभराची ऑर्डर घेताना ते दोन महिने धरूनच शब्द द्या.

उरली आतडी आणि कल्ले. ते झाकणाच्या बादलीत जितकं वजन तितकाच गूळ घालून ठेवा, रोज एकदा ढवळा, महिन्याभरात पातळ काढा होतो. गाळून बादलीभर पाण्यात पन्नास-साठ मिली मिसळून माडाच्या आळ्यात ओता, बादली मात्र घरापासून लांब आणि कुत्र्या-मांजरांच्या हाती लागणार नाही अशी ठेवा.